तेरा प्रश्न आणि एक खोली

माणसाने आपल्या मुलांना उपदेश करू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. उपदेश वाया जातो म्हणून नव्हे. वाया गेला तर उत्तमच. पण कधीकधी मुलं तो लक्षात ठेवतात आणि नको त्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी, सगळ्यांच्या देखत जसाच्या तसा परत करतात.

माझ्या बाबतीत तो दिवस मंगळवार होता. दुपारी साडेतीनला माझ्या टेबलावर एक पत्र आलं. मी पाणीपुरवठा कार्यालयात तळमजल्यावर विचारणा-टेबल सांभाळतो. म्हणजे लोक लेखी प्रश्न विचारतात आणि मी लेखी उत्तरं देतो. 'आमच्या नळाला पाणी कधी येणार' या एकाच प्रश्नाला मी गेली नऊ वर्षं निरनिराळ्या सभ्य शब्दांत उत्तर देत आलो आहे, आणि त्यातल्या एकाही उत्तरात वेळ दिलेली नाही. पत्रात असं होतं की रेकॉर्ड विभागाचे प्रमुख निवृत्त झाल्याने ती जागा रिकामी आहे, ज्येष्ठतेनुसार माझा नंबर लागतो, तरी मी आपली संमती पंधरा दिवसांत कळवावी.

खरं सांगतो, पत्र वाचून खाली ठेवायच्या आत माझा होकार तयार होता. रेकॉर्ड विभाग तिसऱ्या मजल्यावर आहे. प्रमुखाला स्वतंत्र खोली आहे. त्या खोलीला दार आहे! ज्यांना आयुष्यभर दार मिळालेलं आहे त्यांना यातली गोडी कळायची नाही. माझ्या टेबलाभोवती सकाळी दहापासून लोक उभे असतात, ते माझ्या कागदांवर कोपरं टेकवून बोलतात आणि जाताना माझं पेन घेऊन जातात. चार वाजता मी काहीतरी निमित्त काढून तिसऱ्या मजल्यावर गेलो आणि बंद दाराच्या काचेतून आत पाहून आलो. खिडकीसमोर टेबल, दोन्ही हात शाबूत असलेली खुर्ची, टेबलाच्या कडेला घंटेचं बटण आणि भिंतीवर एकच खुंटी. एकाच माणसासाठी एक खुंटी. माझी छत्री मला तिथे टांगलेली दिसायला लागली.

खाली येऊन मी लगेच 'संमती आहे' असं लिहून टाकायला हवं होतं. पण म्हटलं, इतकी चांगली गोष्ट घाईघाईत कशाला लिहायची? घरी सांगू, उद्या सकाळी सुवाच्य अक्षरात लिहू. सुवाच्य अक्षराचा हा मोह मला पुढे चांगलाच नडला.

रात्री जेवताना मी सहज बोलतोय असं दाखवत बातमी सांगितली. बायको म्हणाली, "अरे वा! मग उद्याच हो म्हणून टाका."

"टाकतोच," मी म्हणालो.

"आणि तक्ता?" मुलगी म्हणाली.

तक्त्याचं असं होतं. मुलीची शाळा नुकतीच संपली होती आणि पुढे काय शिकायचं हे ठरायचं होतं. त्यावरून मी तिला महिनाभर धारेवर धरलं होतं. 'करिअरचा निर्णय म्हणजे भाजी घेणं नव्हे. पाच जणांना विचारायचं, सगळं लिहून काढायचं, प्रत्येक मुद्द्याला गुण द्यायचे, बेरीज करायची आणि मगच ठरवायचं. माणूस बुडतो तो माहितीअभावी,' हे माझे शब्द. मी तिला चौदा रकान्यांचा तक्ता आखून दिला होता. तीन आठवडे ती बिचारी तोंड पाडून तो भरत होती.

"माझी गोष्ट वेगळी आहे," मी म्हणालो.

"कशी?"

"मला नोकरीचा अनुभव आहे."

"रेकॉर्ड विभागाचा?"

आता तिथे मी 'मला ती खोली आवडली, बस' एवढं म्हटलं असतं तर विषय संपला असता. पण महिनाभर ज्या मुलीला 'आवडतं हे काही कारण झालं का?' असं दरडावून विचारलं, तिच्यासमोर ते कोणत्या तोंडाने म्हणणार? मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "तक्ता करणारच आहे. तेच सांगत होतो."

मुलगी उठली आणि कोरा तक्ता घेऊन आली. तिच्या चेहऱ्यावर मला त्या महिन्यातला पहिला आनंद दिसला.

बायको दातांच्या दवाखान्यात स्वागत-टेबलावर बसते, त्यामुळे तिच्याकडे आयुष्याचे सगळे दाखले दातांतून येतात. ती म्हणाली, "आमच्याकडे असे पेशंट येतात. दात काढायचा की ठेवायचा याची चार ठिकाणी माहिती घेत बसतात. तोवर शेजारचा पण किडतो. हवं असेल तर घ्या, नको असेल तर सोडा. आणि आधी जेवा, अन्न निवतंय." हा सगळ्या पंधरवड्यातला सर्वांत शहाणा सल्ला होता हे मी आज कबूल करतो. त्या वेळी मी तिला 'मुद्दा नीट समजून घे' असं म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवसापासून माहिती गोळा करायला सुरुवात केली. पहिला मान समोरच्या दारातल्या काकांना. हे काका एका कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून जिन्यात उभे असतात. मी विषय काढायचा अवकाश, त्यांनी मला खांद्याला धरून घरात नेलं.

"बढती?" काका म्हणाले. "मला तीनदा आली होती. तिन्ही वेळा नाही म्हटलं. म्हणून आज सुखात आहे."

"कोण सुखात आहे?" आतून काकूंचा आवाज आला.

काकांनी आवाज खाली आणला. "खिडकी कोणत्या दिशेला आहे?"

"पाहिलं नाही."

"पाहिलं नाही! पश्चिमेला असेल तर दुपारी भाजून निघाल. आणि जुने कागद म्हणजे धूळ. आमच्या भांडारातला माणूस अजून खोकतोय. लिफ्ट आहे?"

"आहे, पण दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते."

"झालं मग," असं म्हणून काकांनी माझ्या गुडघ्यांकडे अशा नजरेने पाहिलं की मी घरी जाताना कठड्याला धरून गेलो. मधे एकही पायरी नव्हती, नुसता पाच पावलांचा बोळ होता, तरीही.

तक्त्यात खिडकी, धूळ आणि गुडघे असे तीन नवे मुद्दे आले. मुलीने प्रत्येकासमोर प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाली, "बाबा, माहिती अपुरी आहे." हे वाक्यसुद्धा माझंच. नऊ वर्षं ते मी लोकांच्या अर्जांवर लिहीत आलो आहे, पण ते ऐकायला इतकं झोंबतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी मेहुणा आला. माझ्या या मेहुण्याने अकरा वर्षांत सात नोकऱ्या बदलल्या आहेत, त्यामुळे घराण्यात करिअरच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा मानला जातो. मी असं विचारलं की सातही नोकऱ्या सोडाव्या लागलेल्या माणसाचा सल्ला का घ्यायचा, तर बायको म्हणाली, "निदान त्याला नोकऱ्या मिळाल्या तरी सात." भावाच्या बाबतीत ती दातांचे दाखले देत नाही.

"भाऊजी, तुम्ही उलट्या बाजूने चाललाय," मेहुणा म्हणाला. "खुर्चीची माहिती नंतर. आधी स्वतःची माहिती घ्या. तुम्ही कोण आहात?"

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या सोफ्यावर मला हा प्रश्न विचारला गेला. त्याने मोबाइलवर एक कलचाचणी उघडली. नव्वद वाक्यं होती. प्रत्येक वाक्याला 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत पाच उत्तरं. मुलगी वाचणार, मी उत्तर देणार, मेहुणा बटण दाबणार.

"मला एकट्याने काम करायला आवडते."

"पूर्ण सहमत," मी म्हणालो.

"माझ्याशी लोक मोकळेपणाने बोलतात."

"सहमत."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. बायको दारात आली. "मोकळेपणाने? परवा दुधवाला तुम्ही घरात आहात म्हणून खालूनच हाक मारून गेला."

"असहमत," असं म्हणून मेहुण्याने बटण दाबलं.

"अरे, चाचणी माझी आहे ना?"

"भाऊजी, स्वतःची माहिती स्वतःला कधीच नसते. पुढे."

"मी दबावाखाली शांत राहतो," मुलीने वाचलं.

"पूर्ण सहमत!"

मुलीने मामाकडे पाहिलं, मामाने बायकोकडे पाहिलं. "बाबा, खरं सांगायचं असतं," मुलगी म्हणाली.

"मी खरंच सांगतोय!" मी ओरडलो. इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या काकांनी दार उघडल्याचं ऐकू आलं. मेहुण्याने मुकाट्याने 'पूर्ण असहमत'चं बटण दाबलं. पुढची अठ्ठ्याऐंशी... नाही, सत्त्याऐंशी वाक्यं त्या तिघांनी आपसात चर्चा करून सोडवली आणि मला अधूनमधून सांगत गेले. निकाल असा आला की मी मोकळ्या हवेत, शक्यतो जनावरांच्या सहवासात काम करावं. मेहुणा म्हणाला, "बघा, रेकॉर्ड विभाग कुठेच नाही यात." मी म्हणालो, "विचारणा-टेबलही नाही." त्यावर त्याने 'तेच म्हणतोय मी' अशा अर्थाने हात पसरले. त्या पसरलेल्या हातांचा अर्थ मला अजूनही लागलेला नाही.

रविवारी मी ठरवलं की आता ऐकीव गोष्टी पुरे, मूळ माणसाला गाठायचं. त्या खोलीत चौदा वर्षं बसून निवृत्त झालेले साहेब शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतात. दोन बस बदलून गेलो. साहेब घराच्या मागच्या बाजूला एका खुर्चीवर नुसते बसले होते. त्यांच्या हातात काही नव्हतं, समोरही काही नव्हतं. मला पाहून त्यांना आनंद झाला. चहा आला. मी खिडकीचं विचारलं, धुळीचं विचारलं, काम किती असतं, माणसं कशी आहेत, घरी वेळेवर जाता येतं का, सगळं विचारलं.

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं तोंडी कसं सांगता येईल?"

"म्हणजे?"

"रेकॉर्डची माहिती आहे ही. मी चौदा वर्षांत एक अक्षर तोंडी सांगितलेलं नाही. आता निवृत्त झालो म्हणून सांगत सुटू का? लेखी विचारा. नियमाप्रमाणे उत्तर मिळेल."

मी दोन बस बदलून परत आलो. चहा मात्र बरा होता.

तर मी लेखी विचारलं. सोमवारी सकाळी तेरा प्रश्नांचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहून आवक खिडकीवर दिला आणि शिक्का मारून घेतला. हसू नका. माझ्याच कार्यालयात, माझ्याच टेबलाच्या शेजारच्या खिडकीवर मी रांगेत उभा राहून अर्ज दिला, कारण कर्मचाऱ्याने वेगळा मार्ग घेतला तर नागरिकांत चुकीचा संदेश जातो. बुधवारी दुपारी आवक विभागाने तो अर्ज योग्य टेबलाकडे पाठवला. योग्य टेबल म्हणजे माझं.

सवयीने मी अर्ज उघडला आणि पहिला विचार मनात आला तो असा की काय एकेक लोक असतात! तेरा प्रश्न! चौथा आणि सातवा तर जवळजवळ सारखेच होते. मग खालची सही पाहिली आणि कानकोंडा झालो. तरी मी कर्तव्याला चुकलो नाही. अर्जाला क्रमांक दिला, फाइल लावली, आणि रेकॉर्ड विभागासंबंधी उत्तरावर रेकॉर्ड प्रमुखाची सही लागते म्हणून फाइल वर पाठवली. गुरुवारी ती जशीच्या तशी खाली आली. शेरा होता, 'प्रमुखपद रिक्त. प्रमुख रुजू झाल्यावर सादर करावे.'

मी ती फाइल घेऊन आस्थापना विभागात गेलो. बढत्या, बदल्या आणि रजा यांचा सगळा कारभार तिथे एक गृहस्थ पाहतात. त्यांना आम्ही 'परिशिष्ट' म्हणतो, कारण त्यांना काहीही विचारलं की ते 'परिशिष्ट पाहा' म्हणतात. एकदा कोणी त्यांना किती वाजले विचारलं तेव्हाही त्यांचा हात आधी नियमपुस्तकाकडे गेला होता.

"माहिती मिळाल्याशिवाय मी संमती देऊ शकत नाही," मी म्हणालो.

"बरोबर."

"आणि प्रमुख असल्याशिवाय माहिती मिळत नाही."

"बरोबर."

"आणि मी संमती दिल्याशिवाय प्रमुख होत नाही."

"अगदी बरोबर," परिशिष्ट खुशीत येऊन म्हणाले. "तुम्ही संमती द्या, प्रमुख व्हा, तुमच्या अर्जाच्या उत्तरावर सही करा, खाली जाऊन ते स्वतःला द्या, आणि मग पदाविषयी माहितीपूर्ण निर्णय घ्या."

"पण तोवर मी प्रमुख झालेला असेन ना!"

"ते तुमचं वैयक्तिक," असं म्हणून त्यांनी माझ्या फाइलवर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी विचारायला हवं होतं. पण मी इतका वैतागलो होतो की दार आपटून निघालो. त्यांच्याकडेही दार आहे, हे मला बाहेर आल्यावर जाणवलं.

शनिवार-रविवारी घरात तक्त्याची बेरीज चालली होती. होकाराला सत्तेचाळीस, नकाराला सत्तेचाळीस. मेहुण्याने जनावरांच्या रकान्यात मला नऊ गुण दिले होते, ते धरायचे की नाही यावर मुलीशी माझा वाद झाला. बायको म्हणाली, "तुम्हाला ती खोली हवी आहे हे तुमच्या तोंडावर लिहिलंय. हा खेळ कशासाठी?" मी म्हणालो, "हा खेळ नाही, पद्धत आहे." मुलीसमोर मला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

सोमवारी सकाळी शेजारच्या टेबलावरच्या बाई माझ्याकडे आल्या. या बाई ज्येष्ठतेच्या यादीत माझ्याखाली आहेत. मीटरच्या तक्रारी पाहतात, कामाला चोख आहेत, कमी बोलतात. त्यांच्या हातात एक पत्र होतं. माझ्या टेबलासमोर पाच-सहा माणसं उभी होती, मागे आमच्यातलेच दोघे सहकारी उभे होते.

"अहो, मला विचारणा आलीय," बाई म्हणाल्या. "तुमची फाइल 'साशंक' म्हणून पुढे गेलीय. म्हणून आता मला विचारलंय."

"अस्सं," मी म्हणालो.

"खोटं कशाला बोलू, मला ती जागा हवी आहे. घरी पाच माणसं, इथे ही गर्दी. डोकं शांत म्हणून कुठे नाही. पण नंबर तुमचा आधी आहे. तुम्हाला हवी असेल तर सांगा, मी आत्ताच नाही लिहून टाकते."

बाई पत्र माझ्या टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या. पेन त्यांच्या हातात होतं. मला फक्त दोन शब्द म्हणायचे होते. 'हवी आहे.' पण सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. दोन आठवडे मी कार्यालयभर सांगत फिरलो होतो की असे निर्णय भावनेच्या भरात घ्यायचे नसतात. आता पाचसहा परक्या माणसांसमोर लहान मुलाने दुकानात बोट दाखवावं तसं 'मला ते हवं' म्हणायचं? मी चष्मा काढला, पुसला.

"माझी माहिती अद्याप पूर्ण झालेली नाही," मी म्हणालो. "तुम्ही तुमचा निर्णय स्वतंत्रपणे घ्यावा."

"नक्की?" बाई म्हणाल्या. "परत विचारते हं."

"नक्की. पण तुम्ही तरी काय माहिती घेतलीत?"

"वर जाऊन आले. खिडकी उघडली. वारा येतो." एवढं सांगून बाई आपल्या जागेवर गेल्या.

मला वाटत होतं, अजून एक दिवस हातात आहे. पत्रात पंधरा दिवस लिहिलेत, आज चौदावा. त्या रात्री मी तक्ता बाजूला सारला आणि मुलीला म्हणालो की मी हो म्हणणार आहे. तिने विचारलं, "बेरीज?" मी म्हणालो, "बेरीज गेली खड्ड्यात." तिने तक्त्याची घडी घातली आणि झोपायला गेली.

मंगळवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी मी आस्थापना विभागाच्या दाराशी उभा होतो. संमतीपत्र अत्यंत सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. परिशिष्टांनी ते वाचलं, अक्षराचं कौतुक केलं आणि परत दिलं.

"काल चार वाजता बाईंची संमती आली. आदेश निघाला."

"पण पंधरा दिवस आज पूर्ण होतात!"

"तुम्ही शंका उपस्थित केलीत. शंका उपस्थित केली की मुदत थांबते. परिशिष्ट तीन पाहा."

"मुदत थांबली तर उलट ती शिल्लक राहिली ना?"

"मुदत थांबली," परिशिष्ट म्हणाले. "जागा थांबली नाही."

मी भांडलो. आवाज चढवला, नियमपुस्तक मागितलं, परिशिष्ट तीन वाचलं, त्यातली एक शुद्धलेखनाची चूकसुद्धा दाखवून दिली. पण कागद बाईंच्या बाजूने होते आणि मनातून मला ठाऊक होतं की बाईंनी मला दोनदा विचारलं होतं. मी खाली आलो. माझ्या टेबलावर कोणीतरी कोपर टेकवून उभं होतं.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. समोरचे काका म्हणाले, "सुटलात!" मेहुण्याने फोन करून सांगितलं की चाचणीत हेच आलं होतं. बायकोने मात्र ताट वाढलं आणि ती समोर बसून राहिली. त्यापेक्षा तिने दातांचा दाखला दिला असता तर बरं झालं असतं.

तीन दिवसांनी दुपारी वरून बोलावणं आलं. तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार बंद होतं, म्हणून टकटक केली. दारावर टकटक करावी लागते हे लक्षात यायला मला एक क्षण लागला.

"या," बाई म्हणाल्या. त्या जरा अवघडलेल्या होत्या. "रुजू झाल्यावर पहिलीच फाइल तुमची आली. तेरा प्रश्न आहेत. मला याचा नमुना माहीत नाही. उत्तरं तुम्हीच लिहाल का? मी सही करते."

नियमाने ते माझंच काम होतं. मी समोरच्या स्टुलावर बसलो आणि पेन काढलं. प्रश्न एक, खिडकीची दिशा. मी उठून खिडकीपाशी गेलो. उत्तरेची होती. उजेड भरपूर आणि ऊन अजिबात नाही. तसं लिहिलं. प्रश्न तीन, धूळ. कपाटावरून बोट फिरवून पाहिलं, कपाटं बंद होती, बोट स्वच्छ निघालं. प्रश्न सहा, आवाज किती असतो. त्यासाठी आम्ही दोघं एक मिनिट गप्प बसलो. लांब कुठेतरी पंपाची घरघर ऐकू येत होती, तीही बरी वाटत होती. प्रश्न दहा, अभ्यागतांची संख्या. बाई म्हणाल्या, "तीन दिवसांत एक आला. तोही मजला चुकला होता." प्रश्न बारा, घरी वेळेवर जाता येते काय. येते.

तेराच्या तेरा उत्तरं लिहून झाली. एकही वाईट आलं नाही. एखादं तरी वाईट आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बाईंनी सही करायला पेन उचललं आणि थांबल्या. "एक विचारू? रागावू नका. तुम्हाला हवी होती का ही जागा?"

दार बंद होतं. ऐकायला कोणी नव्हतं.

"हवी होती," मी म्हणालो.

"मग त्या दिवशी मी विचारलं तेव्हा..."

"लोक होते," मी म्हणालो.

बाईंनी सही केली. दुसरं करण्यासारखं त्यांच्याही हातात काही नव्हतं.

खाली येऊन मी उत्तराची एक प्रत स्वतःला दिली, पोहोच म्हणून सही केली आणि निकाली प्रकरणांचं रजिस्टर उघडलं. या रजिस्टरात शेवटचा रकाना असतो, 'अर्जदाराचे समाधान झाले काय?' नऊ वर्षं मी त्या रकान्यात कोणाला न विचारता 'होय' लिहीत आलो आहे. त्यातल्या एकाच्याही घरी जाऊन मी पाहिलेलं नाही. या खेपेला पहिल्यांदाच अर्जदार काय म्हणतोय हे मला नेमकं माहीत होतं.

पण 'नाही' लिहिलं की प्रकरण फेरविचारासाठी रेकॉर्ड प्रमुखाकडे जातं, म्हणजे बाईंकडे. आणि बाई पुन्हा मला त्या स्टुलावर बसवणार. समोर रांग वाढत चालली होती. एका गृहस्थांनी माझ्या रजिस्टरवर कोपर टेकवलं होतं, ते मी हळूच बाजूला केलं, रकान्यात 'होय' लिहिलं, तारीख घातली आणि त्यांना म्हणालो, "बोला, काय माहिती हवीय?"